जाहीर झालेला पिक्चर

“बोरकुटेसाहेब, रिक्षा गेली का गावांत?”

टिपणीसचा फोन आला तेव्हा बुधवारची दुपार होती आणि मी टॉकीजच्या केबिनमध्ये डबा खात बसलो होतो. म्हटलं, सकाळीच गेली. वर भोंगा, दोन्ही अंगांना मालनबाईंचं पोस्टर. आतापर्यंत कोंढाळा ओलांडून नदीकडच्या गावांना लागली असेल.

टिपणीस म्हणजे आमच्या पिक्चरचा दिग्दर्शक. पुण्याचा पोरगा, तिशीच्या आतबाहेरचा. एरवी बोलायला लागला की त्याला थांबवावं लागायचं, पण त्या दिवशी त्याला शब्द सापडेनात. शेवटी त्याने विचारलं, ती रिक्षा परत बोलावता येईल का. मी डबा झाकला आणि हात धुऊन आलो. हे जेवताना ऐकायचं बोलणं नाही, एवढं मला कळलं होतं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा वडश्यात आमचं मंगला टॉकीज होतं. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्या भागातल्या गावागावांत नाटकं लागतात, आणि ती करणाऱ्या कंपन्यांची दुकानं सगळी वडश्यात. एका ओळीत पोस्टरंच पोस्टरं. अशा गावात टॉकीज चालवणं म्हणजे हलवायाच्या गल्लीत गूळ विकणं. माझ्या बापाने ते चालवलं, मी रेटलं.

मालन गुरनुले ही त्या नाटकांतली हिरोईन. वीस-बावीस वर्षं तिच्या नावावर नाटकं विकली गेली. तिने पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला की मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेली म्हातारीसुद्धा डोळे पुसायची. आता वय चाळिशीच्या पुढे गेलं होतं आणि कंपन्या तिला आईची कामं देऊ लागल्या होत्या. तेवढ्यात हा टिपणीस आला. वैनगंगेकाठच्या एका बाईची गोष्ट घेऊन आला आणि त्याने मुंबईची एकही नटी न घेता मालनबाईंना मुख्य काम दिलं. पिक्चरचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तो कुठे सापडायचा नाही.

तर टिपणीस फोनवर सांगू लागला. ज्या कंपनीने आमच्या पिक्चरला पैसा लावला होता, ती तिच्याहून कितीतरी मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. पेपरात आलं होतं म्हणे. आमच्याकडे असल्या बातम्यांच्या पानात भजी बांधतात, मला काय ठाऊक? नव्या साहेबांनी जुन्या कंपनीचे तयार पिक्चर समोर मांडले आणि त्यातले लहान लहान सगळे बाजूला काढले. ते लागणार नव्हते. पुढे ढकलले असंही नाही, लागणारच नव्हते. लावायचे तर जाहिरात करा, थेटरं धरा. त्यापेक्षा ते बुडाले असं हिशोबात दाखवणं त्यांना परवडत होतं.

“पिक्चर बिघडला का?” मी विचारलं.

“नाही हो. चांगला झालाय.”

“मग बुडाला कसा? अजून पाण्यात टाकलासुद्धा नाही.”

टिपणीस म्हणाला की त्यानेही साहेबांना हेच विचारलं होतं. एकदा बुडाला म्हणून दाखवला की तो पुन्हा कुठेच दाखवता येत नाही, टीव्हीवरसुद्धा नाही. त्याच्या स्वतःजवळ प्रत नव्हती. सगळं सामान कंपनीच्या ताब्यात होतं आणि कंपनीच्या दारावरची पाटीही आता बदलली होती. मग म्हणाला, ताईंना तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही.

मी म्हटलं, अरे बावा, पिक्चर तर माझ्या टेबलावर आहे. खरंच होता. सोमवारीच कुरिअरने आला होता, काळ्या डबीत. पूर्वीची रिळं गेली होती आणि आता एवढ्याशा डबीत अख्खा पिक्चर यायचा. पण ती डबी मशीनला लावून भागत नसे. शुक्रवारी सकाळी कंपनीकडून आकड्यांची चावी यायची, ती मशीनमध्ये घातली की पिक्चर उघडायचा. चावी नाही तर पिक्चर नाही. टिपणीस म्हणाला, चावी येणार नाही.

रिक्षावाल्याला फोन लावला. नदीकाठी कुठली आलीय रेंज? संध्याकाळी तो स्वतःच आला, घसा बसलेला, खूश. एकही गाव सोडलं नाही म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि ठरलेले पैसे दिले.

गुरुवारी सकाळी मालनबाई आपण होऊनच टॉकीजमध्ये आली. ती रोजच यायची त्या आठवड्यात. बाहेर उभी राहून पोस्टर बघायची, मग आत येऊन चहा घ्यायची. वयाने माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणायचो आणि ती मला केशवभाऊ. त्या दिवशी तिने नवं लुगडं आणलं होतं दाखवायला, शुक्रवारी नेसायचं म्हणून. मी आधी ते बघितलं, चांगलं आहे म्हटलं, आणि मग सांगितलं. जसं टिपणीसने सांगितलं तसंच. माझ्याच्याने गोड करून सांगवलं नाही.

ती रडली-बिडली नाही. विलीन होणं म्हणजे काय ते तिला दोनदा विचारावं लागलं. दोन नाटक कंपन्या एक झाल्या तर एकीची नाटकं बंद होतात का, असं तिने विचारलं, आणि मी म्हटलं, बाई, मुंबईत होतात. मग ती टेबलावरच्या डबीकडे बघत राहिली.

“याच्यात आहो का मी?”

“हो.”

“तो मोहफुलाचा शीनबी?”

हा सीन काय होता ते सांगितलं पाहिजे. पिक्चरमध्ये त्या बाईचा एकुलता एक मुलगा नावेतून जाताना नदीत बुडतो. गावातली माणसं सांगायला येतात. ती अंगणात मोहफुलं निवडत बसलेली असते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिला कळतं. आणि ती निवडतच राहते. रडत नाही, बोलत नाही. कॅमेरा फक्त तिच्या तोंडावर. टिपणीसने जेव्हा तिला सांगितलं की ताई, इथे काहीही करायचं नाही, तेव्हा ती भांडली होती. रडायचंच नव्हतं तर मला कशाले आणलं, म्हणाली. वीस वर्षं ज्यावर पोट भरलं तेच करू नको म्हणतो हा पोरगा! अख्खा दिवस त्या एका सीनमध्ये गेला. ती हात उचलायची, तो म्हणायचा नको. ती हुंदका द्यायची, तो म्हणायचा नको. संध्याकाळी उजेड जायला आला, ती थकून नुसती बसली आणि निवडत राहिली, आणि ते झालं. मी तिथे नव्हतो, पण लाईटवाले आमच्या टॉकीजमध्ये येऊन सांगत होते की कोणाला कट म्हणायचं सुचलं नाही.

तिला ते तिथेच बघायचं होतं, छोट्या टीव्हीवर. टिपणीसने दाखवलं नाही. बघितलं तर उद्यापासून तुम्ही त्याची नक्कल कराल, म्हणाला. मोठ्या पडद्यावर बघा, तुमच्या माणसांत बसून.

तेव्हापासून दीड वर्ष तिने दुसरं काही मनात आणलं नव्हतं. नाटकांच्या सीड्या निघायच्या, त्यात ती होती. पण कॅमेरा मंडपाच्या टोकाला लावलेला. त्यात माझं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं दिसते, असं ती सांगायची. सगळ्या झाडीपट्टीने तिला रडताना पाहिलं होतं आणि तिने स्वतःला कधी जवळून पाहिलं नव्हतं. काम करताना आपलं तोंड कसं दिसतं, ते एकदा बघायचं होतं तिला, बस. त्यापायी तिने त्या वर्षीचा अख्खा सीझन सोडला होता. सदाशिव खोब्रागडे, ज्याच्या कंपनीत ती सगळ्यात जास्त राबली, तो पोळ्याच्या आधीपासून तारखा मागत होता. तिने त्याला नाही म्हटलं. बाजारात लोक चिडवायचे, आता बाई मुंबईच्या झाल्या, आपल्याशी कशाला बोलतील. ती हसून पुढे जायची.

“चावी येईल,” ती म्हणाली. “जाहीर झालं नं जी. जाहीर झालेलं होतेच.”

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे एकदा भोंगा फिरला की नाटक होतंच. जनरेटर बंद पडो, गाडी नाल्यात अडको, हिरोईनला ताप चढो. उशीर होईल, पण होईल. खुद्द मालनबाई सकाळी बापाला अग्नी देऊन आल्यावर रात्री गडचिरोलीच्या बाजूला नाटकात उभी राहिली होती, कारण गावात जाहीर झालं होतं. मोठ्या कंपनीला पिक्चर बुडवता येतो हे तिला कळलं, पण जाहीर केल्यावर बुडवता येतो हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. खरं सांगू? माझ्याही शिरलं नव्हतं. आम्ही दोघं शुक्रवारी सकाळपासून मशीनसमोर बसलो.

चावी आली. मी उडालोच. पण ती दुसऱ्या पिक्चरची निघाली, त्याच नव्या कंपनीच्या हिंदी पिक्चरची. सोबत निरोप, की मराठीच्या जागी हा चालवा. मालनबाईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती उठून खिडकीशी गेली.

बाहेर माणसं यायला लागली होती. ट्रॅक्टर, टेम्पो, सायकली, आणि पायी तर किती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोरं काखेत, भाकरी बांधून. मंगला टॉकीजने आपल्या आयुष्यात एवढी माणसं पाहिली नव्हती. माझ्या बापाने पाहिली असती तर नाचला असता. मी माईक घेऊन पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं की पिक्चर येणार नाही, कंपनीने रद्द केला, हिंदी पिक्चर आहे तो फुकट बघा, नाहीतर माफ करा. एक म्हातारा पुढे आला. बाई आहे नं अंदर, त्याने विचारलं. आहे, म्हटलं. मंग होईल, तो म्हणाला, आमी बसतो. आणि आत जाऊन बसला. त्याच्यामागे सगळे. खुर्च्या भरल्या, मग मधली वाट, मग पडद्यासमोरची जमीन. कोणी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ते शिदोऱ्या सोडून शांत बसले होते.

खोब्रागडे कधी आला ते मला कळलं नाही. केबिनच्या दारात उभा होता, पानाने तोंड लाल. मला वाटलं आता हा टोमणा मारणार. त्याने मारला नाही. त्याने मालनबाईला विचारलं, गोष्ट पुरी येते नं तुले? ती म्हणाली, येते. मग खोब्रागडे माझ्याकडे वळला.

“केशव, पडद्यापुढं चार हात जागा हाये. माही पेटी अन् तबला बाहीर रिक्षात हाये. दोन पोरं बोलवतो. बाई गोष्ट उभी करन. जाहीर झालं, आता हो नाई म्हनता येते का?”

मालनबाईने पिशवी उचलून हातात घेतली. नवं लुगडं पिशवीतच होतं. तिला नकोच होतं हे, मला दिसत होतं. ती तिथे बघायला आली होती, आणि आता तिलाच उभं राहायला सांगत होते. पण बाहेर तिच्या गावच्या बायका बसल्या होत्या. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली, जुन्याच लुगड्याचा पदर खोचला आणि निघाली.

त्या दुपारी पांढऱ्या पडद्यासमोर, दोन पोरं आणि एक पेटी घेऊन, तिने अख्खा पिक्चर केला. मुलगा म्हणून एका पोराला घेतलं, गावकरी म्हणून दुसऱ्याला. जिथे नाव लागायची तिथे नुसतं तोंडाने सांगितलं. लोक गुंग. मी तिच्या मागे, पडद्याला चिकटून उभा होतो, माईकची वायर पायात येऊ नये म्हणून हातात धरून.

आणि मग तो सीन आला. माणसं सांगायला येतात. ती खाली बसली. समोर काही नव्हतं, तरी हात चालू झाले, एक एक फूल उचलावं, झटकावं, बाजूला ठेवावं. बोलली नाही. हॉल गप्प झाला. तिच्या खांद्यांत काही बदललं नाही, मान खाली गेली नाही, हात थांबले नाहीत.

मागून कोणीतरी म्हणालं, आवाज. वाईट मनाने नाही. त्याला वाटलं माईक गेला. दुसऱ्याने सांगितलं, बाईचा माईक पाहा रे. बाल्कनीतून एका बाईने विचारलं, का झालं जी, बोलून नाई रायली? मी वायर हलवून बघितली. मागच्यांना तिचं तोंड दिसत नव्हतं ना. तिथून तोंड दिसतच नाही कोणाचं. हात तेवढे हलताना दिसत होते, आणि हात हलताना बघायला कोणी नदीपलीकडून येत नाही. बायकांच्या काखेतली पोरं रडायला लागली, खुर्च्या कुरकुरल्या. खोब्रागडेने पेटीवर एक सूर धरला, तिला आधार म्हणून.

तिचे हात थांबले. मग तिने पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला.

काय सांगू, टॉकीज हादरलं. तिने पोराला हाक मारली, नदीला शिव्या दिल्या, छाती पिटली, जमिनीवर लोळली. बायका हुंदके देऊन रडत होत्या. माणसं उठून बक्षिसं पुकारायला लागली, या गावच्या अमक्याकडून, त्या गावच्या तमक्याकडून, आणि खोब्रागडे पेटी वाजवता वाजवता नावं घेत होता. मीही रडलो. वायर टाकून टाळ्या वाजवल्या. लोक बाहेर पडताना माझे हात धरून सांगत होते, केशवभाऊ, असा पिक्चर पाहिला नाही. त्यांच्या लेखी त्यांनी पिक्चर पाहिला होता. आजही कोंढाळ्याकडे गेलं तर जुनी माणसं सांगतात, बाईचा तो पिक्चर आम्ही मंगलाला पाहिला.

पुढचं आधी सांगून टाकतो. सोमवारी कंपनीचा माणूस येऊन डबी घेऊन गेला आणि सही घेतली. त्या मोठ्या कंपनीची मॉलमधली थेटरंही होती. मग कंपनीचे चांगले पिक्चर आधी नागपूर-चंद्रपूरला लागायचे आणि आमच्याकडे यायचे ते सगळ्या गावाने बघून झाल्यावर. तीन वर्षं कशीबशी ओढली. आता मंगला टॉकीजमध्ये धानाची पोती असतात. त्या कंपनीलाही पुढे तिच्याहून मोठीने गिळलं. टिपणीस जाहिराती करतो असं ऐकलं. मी त्याला दोनदा विचारलं की पिक्चर कुठे असेल. ज्यांना माहीत होतं ते नोकरी सोडून गेले, म्हणाला. मालनबाई खोब्रागडेच्या कंपनीत परत गेली, आईची, मग आजीची कामं केली, आणि गेल्या वर्षी मार्गशीर्षात वारली. तिच्या तेरवीला मी गेलो होतो. भिंतीवर तिचा फोटो होता, आधार कार्डावरून मोठा केलेला.

पण त्या शुक्रवारचं राहिलं. सगळे गेल्यावर ती केबिनमध्ये येऊन बसली. अंगाला धूळ, घसा गेलेला. मी पाणी दिलं. म्हटलं, बाई, आज कमाल केली तुम्ही. त्या मोहफुलाच्या सीनला तर हॉल उभा राहिला.

“तो शीन नाई जी तो,” ती म्हणाली. “त्याच्यात मी रडली नवती.”

तिने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“केशवभाऊ, मी जवा गप बसली होती, आवाज-आवाज करत होते लोक त्याच्या अगोदर. तवा माह्या तोंडावर काही दिसत होतं का?”

खोटं सांगता आलं असतं. पण काय दिसत होतं, असं तिने पुढे विचारलं असतं, आणि ते मला कुठून येणार होतं?

“बाई, मी तुमच्या मागे होतो,” म्हटलं. “मला पाठ दिसली.”

तिने मान हलवली. पिशवीतलं नवं लुगडं नीट घडी करून पुन्हा आत ठेवलं आणि जायला उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून, माझ्याकडे न बघता, म्हणाली,

“त्या दिवशी शूटिंग झाल्यावर तो टिपणीस येऊन माह्या पाया पडला. काही बोलला नाई, नुसता पाया पडला. काहीतरी दिसलंच असन नं जी त्याले?”